शहाजीराजांचे बंगळूरचे घर

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी आज्ञा झाली तेव्हा प्रथम आमच्या मनात आले ते मंडळाच्या पन्नास वर्षांचे. परंतु थोडा विचार करताच असे वाटले की, या नगरीतील मराठी माणसाचा इतिहास पन्नास वर्षांचा नाही, शंभर वर्षांचाही नाही. या गावात मराठी संसार थाटला गेला त्यास आता पावणेचारशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. आपणांपैकी कोणी नोकरीच्या बदलीवर येथे आले, कोणी कारखान्यात भरती होऊन आले, कोणी लग्न होऊन आल्या. त्या सर्वांच्या फार पूर्वी एक मराठी सरदार असाच चाकरीच्या निमित्ताने येथे आला, येथे राहिला, येथेच त्याने मुलेबाळे वाढविली आणि याच कर्नाटकाच्या मातीत त्याने देह ठेविला. छत्रपती शिवाजीमहाराजांचे तीर्थरूप शहाजीराजे भोसले हे ते पुरुष होत. त्यांचे चरित्र अनेकांनी लिहिले आहे. आम्ही ते येथे सांगणार आहोत ते त्यांच्या बंगळूरच्या घराच्या उंबरठ्यावर बसून.

उंबरठ्यावर बसून असे म्हटले खरे, पण तो उंबरठा आज दाखविता येत नाही. शहाजीराजांचा निवास गौरीमहाल नावाच्या वाड्यात होता आणि तो वाडा आजच्या चिकपेटेच्या परिसरात होता, असे स्थानिक परंपरा सांगते. आज तेथे रेशमी वस्त्रांची दुकाने आहेत, हमालांच्या आरोळ्या आहेत आणि पाऊल ठेवण्यास जागा नाही अशी गर्दी आहे. वाड्याचा एक दगडही ओळखता येत नाही.

एवढ्या मोठ्या पुरुषाचे घर असे मागमूस न ठेवता कसे गेले, याचे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. त्याचे एक कारण त्या काळच्या घरबांधणीत आहे. दक्षिणेतील सरदारांचे वाडे हे मुख्यतः लाकडाचे असत. दगडी जोते, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट. घराचा सारा भार या लाकडी सांगाड्यावर असे. मधल्या भिंती माती-विटांच्या. अशा घराची गणती खोल्यांवर न होता खणांवर होत असे, म्हणजे दोन खांबांमधील अंतरावर. या पद्धतीचा एक गुण असा की घर लवकर उभे राहते. आणि एक दोष असा की ते तितक्याच सहजपणे नाहीसे होते. छप्पर गळू लागले, धनी दूर गेला, की माती खचते. चांगले सागवान मात्र कोणी वाया जाऊ देत नाही. खांब आणि तुळया उतरवून दुसऱ्या घरास लावल्या जातात. राहिलेले जोते नव्या घराच्या पायात जाते. त्यामुळे लाकडी घराचे बहुधा खिंडारही उरत नाही. ते दुसऱ्या घरांत मिसळून जाते.

असे घर कसे दिसत असेल याची कल्पना ज्यांना करावयाची आहे त्यांनी कृष्णराजेंद्र मार्केटजवळचा टिपूचा उन्हाळी महाल पाहावा. हैदरअलीने १७८१ मध्ये आरंभिलेला आणि टिपूने १७९१ मध्ये पूर्ण केलेला हा महाल शहाजीराजांच्या नंतर सव्वाशे वर्षांहूनही अधिक काळाने बांधलेला आहे. त्याची धाटणीही वेगळी आहे. तरीपण दगडी जोत्यावर उभे असलेले ते उंच सागवानी खांब, त्या महिरपी आणि ते सज्जे पाहिले म्हणजे लाकडातून केवढा दरबार उभा करता येतो हे उमगते.

आता या घराच्या धन्याकडे वळू. शहाजीराजांचा जन्म सोळाव्या शतकाच्या अखेरीस वेरूळच्या भोसले घराण्यात झाला. वडील मालोजीराजे निजामशाहीतील सरदार. घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार आणि शिखर शिंगणापूरचा तलाव ही त्यांची कामे आजही लोकांच्या तोंडी आहेत. नगरच्या शाह शरीफ या पिरास केलेल्या नवसाने पुत्रलाभ झाला म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेविली, ही कथा सर्वश्रुत आहे. मालोजीराजे लढाईत पडले तेव्हा मुले लहान होती. पुढे सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई यांच्याशी शहाजीराजांचा विवाह झाला. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, भातवडी येथे मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजांचे नाव झाले आणि त्याच लढाईत बंधू शरीफजी कामी आले.

त्यानंतरची बारा वर्षे या माणसास एका ठिकाणी बिछाना घालून निजता आले नाही असे म्हटले तरी चालेल. निजामशाही ढासळत होती. १६२९ मध्ये खुद्द निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव आणि त्यांचे पुत्र यांची हत्या झाली. पुण्याची जहागीर आदिलशाही फौजेने उद्ध्वस्त केली. १६३० च्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला तेव्हा पिता रणधुमाळीत गुंतलेला होता. काही काळ मोगलांची चाकरी करून शहाजीराजे तीतून बाहेर पडले आणि १६३३ मध्ये त्यांनी पेमगिरी येथे निजामशाही वंशातील एका बालकास गादीवर बसवून त्याच्या नावाने राज्य चालविले. तीन वर्षे मोगल आणि आदिलशाही या दोन बलाढ्य सत्तांशी त्यांनी झुंज दिली. अखेर १६३६ मध्ये माहुलीचा किल्ला सोडावा लागला, निजामशाही संपली आणि शहाजीराजांनी विजापूरची चाकरी पत्करली.

विजापूरकरांनी त्यांस महाराष्ट्रात ठेविले नाही, कर्नाटकात धाडले. पुण्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली, परंतु त्यांचा स्वतःचा मुक्काम मात्र त्या मुलखापासून दूर नेला गेला. ज्याची पाळेमुळे जेथे आहेत तेथे त्यास राहू द्यावयाचे नाही, हे राजकारणातील जुने सूत्र आहे. सेनापती रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे दक्षिणेत उतरले. १६३८ च्या अखेरीस बंगळूर पडले. केंपेगौडांनी १५३७ मध्ये मातीचा कोट घालून वसविलेले हे गाव त्यांच्या वंशजांकडून आदिलशाहीकडे आले आणि गौडांचे घराणे मागडीस गेले. बंगळूर, कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा मुलूख शहाजीराजांकडे जहागीर म्हणून सोपविण्यात आला आणि बंगळूर हे त्यांचे ठाणे झाले.

चाळिशीच्या आसपास आलेल्या या पुरुषाने आता दोन घरे मांडली. एक पुण्यास, जिजाबाई आणि बाल शिवाजीमहाराज यांच्यासाठी. त्यास आपण लाल महाल म्हणून ओळखतो. दुसरे बंगळुरास, स्वतःसाठी, वडील पुत्र संभाजीराजांसाठी, तुकाबाई आणि त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्यासाठी. एकाच माणसाची ही दोन घरे आणि त्यांमध्ये तुंगभद्रा, कृष्णा, भीमा अशा नद्या. मुलूख सोडून आलेल्या प्रत्येक कुटुंबास या दोन घरांचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सरदाराचे घर म्हणजे केवळ राहण्याची जागा नव्हे. मुख्य वाड्याभोवती कामाच्या इमारतींचा एक लहानसा गावच असे. पुढे मराठी राज्यात अठरा कारखान्यांची जी गणना रूढ झाली ती अशाच सरंजामातून वाढलेली आहे. घोड्यांची पागा, हत्तींचा पीलखाना, धान्याचा अंबारखाना, तंबू-कनातींचा फरासखाना, शस्त्रांचा शिलेखाना, वस्त्रांचा जामदारखाना, स्वयंपाकाचा मुदपाकखाना, देवडीवरचा नगारखाना. शहाजीराजांच्या वाड्याभोवती यांतील कोणती इमारत कोठे होती हे सांगता येणार नाही, पण या गरजा ज्याच्या पदरी फौज आहे अशा कोणासही चुकत नसत. पागेत मोतद्दार हवेत, अंबारखान्यात मापारी हवेत, मुदपाकखान्यात आचारी हवेत. धन्यापाठोपाठ अशी शेकडो माणसे येतात. एका सरदाराचे घर उठून दूर देशी जाते तेव्हा त्याबरोबर भाषा, देव, सण आणि फोडणीचा वास हे सारे जाते.

त्या इमारतींपैकी एकीचा परिणाम मात्र वाड्यापेक्षा जास्त टिकला. ती म्हणजे दफ्तरखाना. शहाजीराजांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या अमलात या मुलखाच्या वसुलास मराठी वळण लागले. परगण्यांची व्यवस्था, देशपांडे-कुलकर्ण्यांची पदे, मोडीतील जमाखर्च ही येथे रुजली. वाडा गेला, जहागीर गेली, राज्यकर्ते बदलले. तरी पुढे हैदर आणि टिपू यांच्या राज्यातही महसुलाचे हिशेब कानडी आणि फारसीबरोबर मराठीत ठेविले जात होते. फौजेने जिंकलेला मुलूख फौजेबरोबर जातो, परंतु कारकुनाने घालून दिलेली रीत मागे राहते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

वाड्याच्या दिवाणखान्यात काय चाले, याचे चित्र जयराम पिंड्ये या कवीने रेखाटून ठेविले आहे. त्याचे राधामाधवविलासचंपू हे काव्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी विस्तृत प्रस्तावनेसह १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. जयराम हा नाशिककडचा. शहाजीराजांची कीर्ती ऐकून तो एवढा पल्ला चालून आला आणि आपणांस बारा भाषांत कविता करता येते हे सुचविण्यासाठी त्याने राजांपुढे बारा नारळ ठेविले. त्या दरबारात संस्कृत होते, मराठी होते, कानडी होते, हिंदुस्थानी बोली होत्या. राजे समस्या घालीत, कवी ती पुरी करीत. जन्मभर घोड्यावर बसलेला हा योद्धा विद्येचा रसिक होता. आणखी महत्त्वाचे म्हणजे, त्याने आपल्या घरात स्वभाषेस मानाचे पान दिले तरी शेजारच्या भाषेस दाराबाहेर उभे केले नाही.

या घरात १६४० च्या सुमारास जिजाबाई आणि शिवाजीमहाराज आले आणि काही काळ राहिले. चित्र डोळ्यांपुढे आणावे. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, ज्याने वडिलांस क्वचितच पाहिले होते, तो त्यांच्या दरबारात बसतो आहे. थोरला भाऊ हाती तलवार धरण्याच्या वयाचा, धाकटा सावत्र भाऊ अगदी लहान. भोसल्यांचे सारे घर एका छपराखाली आलेले असे हे बहुधा एवढेच दिवस. शिवभारतकार परमानंद सांगतो त्याप्रमाणे, शिवाजीराजे बारा वर्षांचे झाले तेव्हा शहाजीराजांनी त्यांस ध्वज, फौज आणि अमात्य देऊन पुण्यास रवाना केले. शामराज नीलकंठ, बाळकृष्णपंत हणमंते, सोनोपंत डबीर अशी जाणती माणसे बरोबर दिली. म्हणजे पुढे जे स्वराज्य सह्याद्रीत उभे राहिले, त्याचा पहिला कारभारी संच बंगळूरच्या देवडीतून बाहेर पडला होता. पत्नी आणि पुत्र यांस मायभूमीकडे पाठवून शहाजीराजे मात्र मागे राहिले. त्या निरोपाच्या वेळी त्यांच्या मनात काय होते हे कोणत्याही कागदात लिहिलेले नाही. परंतु आपला मुलूख आपल्या रक्ताच्या माणसाने सांभाळावा ही इच्छा त्या व्यवस्थेतच स्पष्ट वाचता येते.

घर फिरले म्हणजे वासे फिरतात असे आपण म्हणतो. १६४८ मध्ये तसेच झाले. पुण्याकडे शिवाजीमहाराजांच्या हालचाली सुरू झाल्या होत्या आणि विजापूरचा संशय बापावर होता. जुलै महिन्यात जिंजीजवळच्या छावणीत वजीर मुस्तफाखानाच्या हुकुमाने बाजी घोरपड्याने शहाजीराजांस कैद केले आणि त्यांची रवानगी विजापुरास झाली. त्याच वेळी दोन्ही घरांवर फौजा धाडण्यात आल्या. पुण्याच्या बाजूस शिवाजीमहाराजांनी पुरंदराच्या आश्रयाने फत्तेखानास पिटाळले. इकडे बंगळुरास संभाजीराजांनी शहर लढविले. दोघे भाऊ शेकडो कोस अंतरावर, एकमेकांच्या मदतीस जाणे अशक्य. पण दोघांनीही बापाचे घर पडू दिले नाही.

तथापि जिंकूनही देणे भाग पडले. बाप शत्रूच्या हाती होता. शिवाजीमहाराजांनी मोगल शहाजादा मुराद याच्याशी पत्रव्यवहार करून विजापूरवर दडपण आणिले. अखेर १६४९ मध्ये सुटकेचा सौदा ठरला. शिवाजीमहाराजांनी कोंढाणा सोडावा, संभाजीराजांनी बंगळूर सोडावे, आणि शहाजीराजे मोकळे व्हावेत. ज्या घराचे रक्षण थोरल्या पुत्राने तलवारीने केले, तेच घर त्याने बापासाठी ओंजळीत घालून दिले. घराची किंमत काय असते, असा प्रश्न कोणी विचारला तर आम्ही हा प्रसंग सांगू. घर माणसासाठी असते. माणूस घरासाठी नव्हे. हे त्या दोन तरुण भावांस कळले होते.

सुटकेनंतर शहाजीराजांचा मान त्यांस परत मिळाला आणि कर्नाटकचा कारभारही पुन्हा त्यांच्याकडे आला. परंतु घराचे पूर्वीचे तेज परत आले नाही. काही वर्षांतच कनकगिरीच्या वेढ्यात संभाजीराजे पडले. अफजलखानाने त्यांस वेळेवर कुमक दिली नाही, असा ठपका परंपरेने ठेविला आहे. म्हाताऱ्या बापाने तो घाव सोसला आणि चाकरी चालू ठेविली. त्याच अफजलखानाचे प्रतापगडाखाली १६५९ मध्ये काय झाले हे सांगावयास नको. १६६३ च्या एप्रिलमध्ये शिवाजीमहाराजांनी लाल महालात शिरून शायिस्तेखानावर छापा घातला. ज्या घरात आपण वाढलो त्याच घरात रात्री चोरवाटेने शिरण्याची पाळी पुत्रावर आली आणि त्यानेच पुत्राचे नाव हिंदुस्थानभर झाले. ही वार्ता कर्नाटकात पोहोचली तेव्हा ते घर मांडणारा पिता जिवंत होता, एवढे तरी समाधान आम्हांस वाटते.

त्यानंतर एक वर्षही गेले नाही. २३ जानेवारी १६६४ रोजी, कर्नाटकातील होदिगेरे गावाच्या परिसरात शिकार करीत असता घोड्याचा पाय अडकला, घोडा कोसळला आणि शहाजीराजांचे प्राण गेले. ज्याने पन्नास वर्षे लढायांत घालविली त्यास रणात नव्हे, रानात मरण आले. ना वेरूळ, ना पुणे, ना बंगळूर. राजगडावर वृत्त पोहोचले तेव्हा जिजाबाई सती जाण्यास निघाल्या आणि शिवाजीमहाराजांनी त्यांस परोपरीने विनवून मागे फिरविले, असे बखरी सांगतात. आज होदिगेरे दावणगेरे जिल्ह्याच्या चन्नगिरी तालुक्यात आहे. तेथे राजांची दगडी समाधी असून ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. लाकडाचा वाडा गेला. उरले ते एवढे दगड.

घराची कथा मात्र तेथे संपत नाही. बंगळूर व्यंकोजीराजांकडे आले. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिराजवळ १६६९ चा शिलालेख आहे. त्यात देवस्थानास गाव इनाम दिल्याची नोंद व्यंकोजीराजांच्या, म्हणजे एकोजींच्या नावाने आहे. आपणांपैकी कित्येक जण त्या देवळावरून रोज जातात. पुढे १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी मिळविली आणि आपले बिऱ्हाड तिकडे नेले. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज दक्षिण दिग्विजयास आले, तेव्हा वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीवरून दोघा भावांत तेढ आली. लढाईपर्यंत प्रकरण गेले. मग समेट झाला आणि महाराजांनी बंगळूर व भोवतालचा प्रांत व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठी तोडून दिला. भावाभावांतील भांडण मिटविताना वडिलांचे घर घरच्या सुनेच्या ओटीत घालावे, हा आपल्या घरांतील जुना शहाणपणा मोठ्या राजकारणातही उपयोगी पडला. शेवटी १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर घेतले आणि ज्या तीन लाख रुपयांस व्यंकोजीराजे ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांस विकू पाहत होते, त्याच किमतीस ते वोडेयरांकडे गेले. जवळजवळ अर्धशतकाचा भोसल्यांचा अंमल असा संपला.

शहाजीराजांच्या चरित्राचा हिशेब कसा मांडावा? त्यांचे स्वतःचे सिंहासन कधीच नव्हते. एका गादीसाठी ते झगडले, ती बुडाली. दुसरीची चाकरी केली, तिने त्यांस बेड्या घातल्या. परंतु त्यांनी मांडलेल्या दोन घरांतून दोन राज्ये निघाली. पुण्याच्या घरातून निघालेले राज्य रायगडावर अभिषिक्त झाले. बंगळूरच्या घरातून निघालेले राज्य तंजावरात १८५५ पर्यंत टिकले. त्या राज्याने सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले आणि बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसल्यांचा वंशवृत्तान्त मराठीत कोरून ठेविला. एक पुत्र मायभूमीस परतला, दुसरा परमुलखात मिसळून गेला. आम्हांस वाटते की, बापाच्या दृष्टीने त्यांतील कोणीही चुकला नव्हता.

परमुलखात राहणाऱ्या आपणां सर्वांपुढे हाच प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. मुले कानडी शाळेत जातात, इंग्रजीत विचार करतात, आणि गावाकडचे घर वर्षानुवर्षे बंद असते. कोणते घर खरे, असे मन विचारते. शहाजीराजांचे जीवन सांगते की, हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे एकच उत्तरही नाही. गौरीमहालाचे खांब कोणत्या घरास लागले हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण ते कोठे तरी, कोणाच्या तरी छपराखाली उभे राहिले असतील. मराठी माणसांचे या नगरीतील जीवितही तसेच आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात आपल्या मंडळींनी एकदा तरी मुलाबाळांसह होदिगेरेस जाऊन यावे, एवढीच आमची विनंती आहे. तेथे पाहण्यासारखे भव्य असे काही नाही. फुले वाहावीत, घटकाभर बसावे, आणि मुलांस सांगावे की, आपल्या आधी येथे एक घर होते.